कंसातला एक

मेल आला तेव्हा मी टोमॅटो निवडत होते. जुलै महिन्यात अलाबामात टोमॅटो निवडणं हे घाईचं काम नाही. देठाजवळ नाक नेऊन वास घ्यावा लागतो, मग कळतं हा शेतातून आलाय की ट्रकमध्ये पिकलाय. पर्समध्ये फोन थरथरला आणि मी उगाच बघितला. वॉरन टीगचा मेल. वॉरन आमच्या कॉलेज फुटबॉल गटाच्या कार्यालयात काम करतो आणि साध्या गोष्टी अवघड करून कळवायची त्याला हौस आहे, म्हणून त्याचे मेल मी सहसा पहिल्या ओळीवरच सोडते. पण या वेळी जे होतं ते पहिल्याच ओळीत होतं. यंदापासून पारदर्शकतेसाठी, हंगामापूर्वीच्या अंदाजाची प्रत्येक मतपत्रिका पत्रकाराच्या नावानिशी प्रसिद्ध केली जाईल. मतं शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पाठवावीत. मी ते दोनदा वाचलं. अंगठा ओला लागला म्हणून खाली बघितलं, तर तो टोमॅटोत अर्धा आत गेला होता. शेजारी उभी असलेली बाई म्हणाली, "अगं बाई, मारलंस की त्याला!" मी हसले, फुटका टोमॅटो पिशवीत घातला, कारण आपण फोडलेलं आपणच घ्यायचं हे आईनं लावलेलं वळण आहे, आणि गाडीत जाऊन बसले. गाडी आतून तापली होती. काचा खाली करायचंही सुचलं नाही. आता रॉयसला कळणार, एवढंच डोक्यात होतं.

रॉयस माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान. बर्मिंगहॅमपासून दोन तासांवर टॉलिव्हर नावाचं एक चर्चचं कॉलेज आहे, तिथल्या फुटबॉल संघाचा, हेल्मेट घालून आणि चेंडू हातानं फेकून खेळतात त्या अमेरिकन फुटबॉलच्या, तो एकोणीस वर्षं मुख्य कोच आहे. आमच्या गटात दहा कॉलेजं. टॉलिव्हर दहावं येतं. मधे एकदा नववं आलं तेव्हा गावच्या पोस्टमास्तरीणबाईंनी केक केला होता. दर जुलैत, हंगाम सुरू व्हायच्या आधी, आम्ही एकतीस पत्रकार दहा कॉलेजांची यादी करून पाठवतो: नोव्हेंबरअखेर कोण पहिलं असेल, कोण दुसरं, कोण शेवटचं. सगळ्यांच्या मतांची बेरीज होऊन एक यादी छापली जाते, आणि कॉलेजच्या नावापुढे कंसात आकडा असतो, किती जणांनी त्यांना पहिला नंबर दिला त्याचा. कोल्डवॉटर स्टेट (१९). बेल्फोर्ट (११). बाकीच्यांना कुणी पहिलं मानत नाही, म्हणून त्यांना कंसही नाही. आणि अगदी तळाशी, दहाव्या जागी, सालोसाल: टॉलिव्हर (१). हा एक कुणाचा, यावर पत्रकारांच्या टेबलावर दर वर्षी तेच विनोद होतात. कुणीतरी यादी उलटी धरली म्हणतात. कुणीतरी दुपारीच सुरुवात केली होती म्हणतात. मीही त्यात दोन विनोद घालते. तो एक माझा असतो.

माझ्यावर कुणाचा संशय जाणं शक्य नव्हतं. मी कोचची सख्खी बहीण आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याच्याबद्दल मी किती कडक आहे हेही. माझ्या वर्तमानपत्रात दर वर्षी माझी स्वतःची यादी छापून येते, "आर्डिथची यादी" म्हणूनच लोक तिला ओळखतात, आणि तिच्यात टॉलिव्हर दहावं असतं. दहापैकी सात जागा बरोबर आलेली वर्षं माझ्या नावावर आहेत. केस कापायला गेले तरी तिथल्या बाया विचारतात, "आर्डिथ, बेल्फोर्टचं काय म्हणतेस गं?" छापायची यादी खरी, आणि गुपचूप पाठवायची यादी तीच, फक्त टॉलिव्हर तळातून काढून डोक्यावर ठेवलेलं आणि बाकीचे नऊ एकेक पायरी खाली. पेशाशी ही बेइमानी होती, मला माहीत होतं. एकतीसातलं एक मत, यादीत त्यानं काही हलत नाही, असं मी स्वतःला सांगत आले. माझा नवरा ग्लेन गेला त्याला सहा वर्षं झाली. तेवढ्या एकालाच हे ठाऊक होतं. तो दर जुलैत मला पाठवायचं बटण दाबताना बघायचा आणि म्हणायचा, "झालं का पत्र टाकून?" त्याच्या मते ही मतं म्हणजे मी भावाला लिहिलेली बिननावाची पत्रंच होती. तो हे प्रेमानं म्हणायचा, पण त्यात एक टोचणी असायची, आणि मी ती कधी उलगडून बघितली नाही.

सुरुवात अशी काही ठरवून झाली नव्हती. त्याचं कोच म्हणून पहिलं वर्ष, आई मार्चमध्ये गेलेली, आणि तिच्या घरातली भांडी वाटून घेताना रॉयस मला म्हणाला होता की आदल्या कोचनं त्याच्यासाठी हल्ल्याला अकरा आणि बचावाला अकरा अशी धड बावीस पोरंसुद्धा ठेवलेली नाहीत. हातात आईची मका भाजायची कढई धरून तो स्वयंपाकघरात उभा होता, आणि चाळिशीकडे चाललेल्या त्या दांडग्या माणसात मला आठ वर्षांचा रॉयस दिसला. मग जुलैत मत द्यायला बसले आणि टॉलिव्हर लिहायला हात यादीच्या माथ्यावर गेला. एकदाच, गंमत म्हणून. यादी आली त्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, कुणीतरी आम्हाला पहिला नंबर दिलाय." त्याचा आवाज असा बारीक झालेला मी आईच्या दफनाच्या वेळीही ऐकला नव्हता. मी म्हणाले, छापताना चूक झाली असेल. तो म्हणाला, नाही, मी वॉरनला फोन करून विचारलं, खरंच एक मत आहे. पुढच्या वर्षी ते मत काढून घेणं मला जमलं नाही. दारात आलेल्या मांजराला एकदा दूध घातलं की दुसऱ्या दिवशी दार कसं लावणार, तसं ते झालं. मी दर वर्षी ठरवायची, यंदा शेवटचं. आणि दर वर्षी यादी आल्यावर फोन यायचा. "आहे, ताई! आहे अजून माझा माणूस!"

त्या सोमवारी मी घरी येऊन पाव कापत होते, पांढरा पाव, मेयॉनीज, मीठ, जाड चकत्या, जुलैत मी दुसरं काही खात नाही, तेवढ्यात त्याचाच फोन.

"ताई! ऐकलंस का?"

"काय?"

"नावं छापणार! वॉरनची चिठ्ठी आमच्याकडेही आलीय. एकोणीस वर्षांनी कळणार मला कोण आहे तो."

"कुणी पिणारा असेल, रॉयस."

"तू गप गं. तुझी जळते. सख्ख्या बहिणीला जे दिसलं नाही ते त्या परक्याला दिसलं."

"मला दिसतं ते मी लिहिते."

"तू दहावा लिहितेस."

"आणि तुम्ही दहावे येता."

तो मनापासून हसला. या एका वाक्यावर आम्ही दोघं एकोणीस वर्षं हसतो आहोत. "ते जाऊ दे. मी काय ठरवलंय ऐक. घरच्या पहिल्या सामन्याला त्याला बोलवायचं. मधोमध उभं करायचं, बँड वाजवायचा. मेव्हिस म्हणतेय पेकन-पाय भाजते, तो गोड. गव्हर्नरला करत नाही तसा करते म्हणाली." मेव्हिस म्हणजे त्याची बायको.

"आणि बाई निघाली तर?"

"बाई?" तो थबकला. हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. "बाई निघाली तर मेव्हिसला आधी सांगून ठेवायला लागेल," तो म्हणाला आणि पुन्हा हसत सुटला, आणि त्या हसण्यातच फोन ठेवून दिला. मी पाव तसाच टाकून खिडकीपाशी बसले. समोरच्या ओकच्या झाडांवर रातकिडे भर दुपारी कर्कश ओरडत होते. घरातलं गार हवेचं यंत्र घरघरत होतं. मला आठवत राहिला तो ऑगस्टमधला दिवस, सातेक वर्षांपूर्वीचा. काही न कळवता मी टॉलिव्हरला गेले होते, सरावाच्या पहिल्या दिवशी. पोरं गवतावर गुडघा टेकून बसलेली, डोक्यावरची हेल्मेट काढून मांडीवर धरलेली, आणि रॉयस हातात वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन त्यांच्यापुढे उभा. मी कुंपणाबाहेर होते, त्याला दिसत नव्हते. तो म्हणत होता, "या राज्यात एक माणूस आहे. मला त्याचं नाव माहीत नाही. तो आपला कुणी लागत नाही. आपण त्याच्यासाठी कधी काही केलेलं नाही. आणि त्यानं सगळं बघून, विचार करून, तुमचं नाव सगळ्यात वर लिहिलंय." पोरं कात्रणाकडे बघत होती. कुणी हसलं नाही. तो आपला कुणी लागत नाही. हे वाक्य तो सहज बोलला होता, आणि मी कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले होते, कारण सगळी किंमत त्या वाक्यातच होती. बहिणीनं दिलेला पहिला नंबर म्हणजे काय? बहीण तर देणारच. शुक्रवारनंतर त्याला कळणार होतं की सबंध राज्यात त्याच्यावर विश्वास ठेवणारं परकं माणूस एकही नव्हतं, एकोणीस वर्षांत एक दिवसही नव्हतं. होती ती फक्त ताई, आणि तिला त्याची दया आली होती.

आणि मत दिलंच नाही तर? तर कंस गेला. ऑगस्टमध्ये तो काय हातात धरून उभा राहणार? मंगळवारभर मी हाच पाढा घोकत राहिले. मध्येच वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी सांगावं. बॉइड लॅसिटर चाळीस वर्षांचा मित्र आहे, मोबाइल शहरातल्या वर्तमानपत्रातून यंदाच निवृत्त झाला तरी त्याचं मत अजून शाबूत आहे. मी म्हणाले तर तो एक डोळा मिटून टॉलिव्हरला वर चढवेल. मी फोन हातातही घेतला. मग डोळ्यांपुढे आला मैदानाच्या मधोमध पेकन-पायची ताटली धरून उभा असलेला बॉइड, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून रडणारा माझा भाऊ, आणि मी फोन उशीखाली ठेवला. एवढी वर्षं खोटं बोलले ते निदान माझं स्वतःचं होतं.

लहानपणी आम्ही दोघं असंच करायचो. वडील पोलादाच्या कारखान्यात होते, शनिवारी घरी असले की रेडिओवर सामने लागायचे, आणि हंगामाआधी आम्ही दोघं किराण्याच्या खाकी पिशवीच्या कागदावर आपापली यादी लिहून कॉफीच्या डब्यात टाकायचो. डबा नोव्हेंबरात उघडायचा. मी हिशोब करून लिहायची, कोणाचे सामने कुठे, कोणाचा चेंडू फेकणारा दुखावलेला. रॉयस ज्याचे रंग आवडतात त्याला वर लिहायचा. एका वर्षी मी आदल्या रात्री चोरून डबा उघडून त्याच्या यादीत तीन नावं बदलली, त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात, आणि तो जिंकला. नाताळापर्यंत तो गल्लीत कॉलर ताठ करून फिरत होता. वडिलांनी तो कागद उजेडात धरून बराच वेळ बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि कागद पुन्हा डब्यात टाकला. पुढच्या हंगामात रॉयसनं यादी लिहायला जरा जास्त वेळ घेतला. आपल्याला हे जमतं असं त्याला वाटत होतं, आणि तो सपाटून हरला. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, ग्लेनलासुद्धा नाही, आणि सांगण्यासारखं त्यात फार काही आहे असं तोपर्यंत मला वाटतही नव्हतं.

बुधवारी सकाळी मी ठरवून टाकलं. दहावा. खरं तेच लिहायचं, छापून येणाऱ्या यादीत आणि मतपत्रिकेत एकच. मी वर्तमानपत्रासाठी मजकूर लिहायला बसले. प्रत्येक कॉलेजबद्दल दोन ओळी लागतात, असा नंबर का, याच्या. कोल्डवॉटरबद्दल लिहिल्या, बेल्फोर्टबद्दल लिहिल्या, खाली येत येत टॉलिव्हरशी आले आणि लिहिलं: "अनुभव कमी, उत्साह भरपूर, रॉयस किम्ब्रोचा संघ झुंजेल, पण पुरा पडणार नाही." लिहून झाल्यावर हे आधी कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. मागच्या वर्षीचा मजकूर काढला. अनुभव कमी, उत्साह भरपूर. त्याच्या मागच्या वर्षीचा काढला. झुंजेल, पण पुरा पडणार नाही. अकरा वर्षं मागे गेले. अकरा वर्षं तेच वाक्य, एका स्वल्पविरामाचा फरक. बाकीच्या नऊ कॉलेजांचे सामने मी रात्री जागून, मागे-पुढे करून बघत आले होते. कोल्डवॉटरच्या राखीव पोरांच्या आजारपणांची मला माहिती होती. टॉलिव्हरचे सामने बघायला मी जायची, पण बघायची फक्त रॉयसला: तो कडेला कसा येरझाऱ्या घालतोय, टोपी काढून डोकं खाजवतोय, त्याचा गुडघा दुखतोय का. मैदानात काय चाललंय तिकडे माझं लक्षच नसायचं. टॉलिव्हरच्या एकाही पोराचं नाव मला सांगता आलं नसतं. पहिला म्हणून लिहिलं तेही न बघता, दहावा म्हणून लिहिलं तेही न बघता.

लाज वाटली. सरळ, अंगभर लाज. गुपचूप मताची एवढी कधी वाटली नव्हती. मी गटाच्या संग्रहातून गेल्या वर्षीचे टॉलिव्हरचे दहाही सामने उतरवून घेतले आणि जेवणाच्या टेबलावर पडदा मांडून बसले. पहिले दोन सामने मी त्याच्याकडेच बघत राहिले, सवयच ती. मग पडद्याच्या कडेला, जिथे तो उभा असतो तिथे, मी कागदाची पट्टी चिकटवली. भाऊ झाकून टाकला. तेव्हा कुठे मला खेळ दिसायला लागला.

काय सांगू. टॉलिव्हरची पोरं आकारानं लहान आहेत, बेल्फोर्टच्या फळीपुढे ती शाळकरी दिसतात. पण चेंडू हलायच्या आधी एकही पोरगं पुढे सरकत नाही. दहा सामन्यांत मी मोजलं, या चुकीसाठी त्यांना चार वेळा दंड झाला; कोल्डवॉटरला तेहेतीस वेळा. दुसऱ्या अर्ध्यात, जेव्हा दमलेले संघ ढिले पडतात, तेव्हा टॉलिव्हर चांगलं खेळायला लागतं, कारण मध्यंतरात कुणीतरी त्यांना नेमकं काय बदलायचं ते सांगितलेलं असतं. दोन सामने जिंकले, आठ हरले, पण आठांतले पाच तीन किंवा त्याहून कमी गुणांनी. लाथेनं चेंडू मारणारं पोरगं कच्चं होतं, त्याच्यापायी तीन गेले, आणि ते पोरगं यंदा नाही. डाव्या बाजूची फळी सगळी परत येतेय, तिघेही शेवटच्या वर्षाला. ऑक्टोबरात लागोपाठ तीन सामने घरच्या मैदानावर. चौथा सामना, सेंट ऑस्टेलविरुद्ध, शेवटचा डाव: एक गुण मागे, चार सेकंद उरलेले, सगळे लाथेची वाट बघत असताना रॉयसनं चेंडू फेकायला लावला. पोरगा मोकळा होता. पूर्ण मोकळा, आसपास कुणी नाही, आणि तो घसरला. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी लिहिलं होतं, किम्ब्रोची घोडचूक. मीही लिहिलं होतं, बॉइडच्या बातमीवरून, न बघता. तो डाव मी नऊ वेळा मागे घेऊन बघितला. डाव बरोबर होता. त्या मैदानावर त्या क्षणी तोच एक बरोबर डाव होता, आणि तो ज्याला सुचला तो माणूस माझ्या कागदाच्या पट्टीखाली उभा होता. मी पट्टी काढली. पोरगा गवतात पालथा पडला होता, आणि रॉयस त्या दुखऱ्या गुडघ्यानं त्याच्याकडे धावत चालला होता. माझा भाऊ चांगला कोच आहे. चौसष्टाव्या वर्षी, टोमॅटोचा रस लागलेल्या टेबलावर मला हे कळलं, आणि मी तिथेच बसून रडले.

मग मला माझ्याच डोळ्यांची भीती वाटली. हे पुन्हा प्रेमच तर बघत नाहीय ना? म्हणून गुरुवारभर मी उलटी बाजू लढवली. राखीव खेळाडू नाहीत. दोन पोरं दुखावली की संपलं. चेंडू फेकणारा नवा. सप्टेंबरचे तीन सामने अवघड. ग्रीन माउंडला ते हरवतील, लूथर बेलला हरवतील, पायडमाँट स्टेटला ऑक्टोबरात घरी हरवतील. तीन संघ त्यांच्याखाली राहतात. सेंट ऑस्टेल? तिथे माझं पेन थांबलं. सेंट ऑस्टेल खाली ढकललं तर टॉलिव्हर सहावं. मला ते हवं होतं, इतकं हवं होतं की तेवढ्यावरूनच मी ओळखलं, सहावा माझ्यातल्या बहिणीचा आहे. सातवा लिहिला. शुक्रवारी बाराला दहा मिनिटं असताना तो पाठवला आणि वर्तमानपत्रालाही तोच दिला. बटण दाबताना मला कंसाची आठवण झाली, कुणीतरी गेल्यासारखं वाटलं. पोरांपुढे वाचायला त्याच्या हातात आता काही नसणार, आणि हे मी केलं होतं.

यादी मंगळवारी सकाळी अकराला आली. कोल्डवॉटर स्टेट (१८). बेल्फोर्ट (१३). तळाशी टॉलिव्हर, आणि त्याच्यापुढे कोरी जागा. खाली एकतीस जणांच्या मतपत्रिका नावानिशी. मी फोन समोर ठेवून बसले. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. एवढ्या वर्षांत त्याला फोन करायला पाच मिनिटांहून जास्त कधी लागली नव्हती. मी उठून बशा धुतल्या, धुतलेल्या पुन्हा धुतल्या. पावणेबाराला फोन वाजला.

"कंस नाही यंदा," तो म्हणाला. हॅलो नाही, ताई नाही.

"बघितलं मी."

"गेला असेल बिचारा. वय झालं असणार." त्यानं श्वास घेतला. "किंवा नाव छापणार म्हटल्यावर घाबरला. तसलं असेल तर मला वाईट वाटेल. मेला असेल असंच धरतो मी."

सांगून टाकावं असं जिभेवर आलं. "रॉयस," मी म्हणाले.

"थांब, मला बोलू दे. मी सगळ्या मतपत्रिका वाचल्या. तीस जणांनी आम्हाला नववा नाहीतर दहावा टाकलाय. बॉइड लॅसिटरनं दहावा टाकून पुढे उद्गारचिन्ह दिलंय. आणि एकीनं सातवा." तो थांबला. "हात घसरला का तुझा?"

"नाही."

"मेव्हिस म्हणाली, तुझ्या बहिणीला उन्हाचा त्रास झाला असेल, फोन करून विचार."

"मेव्हिसला सांग मी ठणठणीत आहे."

"मग का?"

मी सांगितलं. डाव्या फळीतली तिन्ही पोरं नावानं सांगितली. चार दंड सांगितले, आणि कोल्डवॉटरचे तेहेतीस. ऑक्टोबरचे तीन घरचे सामने, नवा लाथ मारणारा, ग्रीन माउंड का खाली जाणार, लूथर बेल का. रॉयस किम्ब्रो फोनवर एवढा वेळ गप्प बसलेला त्याच्या बायकोनंही ऐकला नसेल. मी थांबले तेव्हा पलीकडे जाळीचं दार उघडल्याचा आणि त्याच्या पायांचा आवाज आला. तो घराबाहेर गेला होता.

"तू बघितलेस सामने?"

"दहाच्या दहा."

"चौथा पण?"

"चौथा पण. शेवटचा डाव बरोबर होता, रॉयस. पोरगा मोकळा होता. मी गेल्या वर्षी लिहिलं ते चुकीचं लिहिलं, न बघता लिहिलं. या रविवारी तसं छापणार आहे."

मग त्यानं नाक शिंकरलं, लहानपणी शिंकरायचा तसंच मोठ्यानं. "एक वर्ष," तो म्हणाला, "एक वर्ष मी लोकांना सांगतोय तो डाव बरोबर होता. चर्चमध्ये सांगितलं. न्हाव्याला सांगितलं. मेव्हिस म्हणते झोपेतसुद्धा सांगतो." मी नुसतीच हं म्हणाले. "एक सांगू का ताई? तो कंसवाला. देव त्याचं भलं करो, माझ्या पोरांना त्यानं फार दिलं, ते मी विसरणार नाही. पण आम्हाला पहिला नंबर देणाऱ्या माणसाला फुटबॉलमधलं काय कळत असणार?"

"काडीचं कळत नव्हतं त्याला," मी म्हणाले, आणि माझा आवाज फाटला. त्याला वाटलं मी हसतेय. तोही हसायला लागला.

"पण मला एक सांग," तो म्हणाला. आवाज एकदम बदलला होता. खुर्ची ओढल्याचा, कागद उलगडल्याचा आवाज आला, आणि माझा भाऊ भांडायच्या तयारीनं बसला. "सेंट ऑस्टेल आमच्या वर कसं काय? त्यांची मागची फळी सगळी नवी, तो दांडगा पोरगा बदली घेऊन गेला, कोच नवा. सातवा कशाला? सहावा का नाही, ते सांग मला."